जिंकलेल्याने द्यायची रॅकेट

मित्रांनो, मी एक जुनी रॅकेट आहे. टेनिसची नाही आणि बॅडमिंटनचीही नाही. माझा दांडा आखूड, तोंड रुंद, आणि मुठीच्या टोकाला एक दोरी. ती दोरी मनगटात अडकवल्याशिवाय माझ्याशी खेळता येत नाही. तसा नियमच आहे, कारण मी हातातून निसटले तर समोरच्याचे नाक फुटेल. माझ्या खेळाचे नाव रॅकेटबॉल. चार भिंतींच्या बंद खोलीत दोघेजण उभे राहतात. एकाने निळा रबरी चेंडू समोरच्या भिंतीवर मारायचा, आणि परत आलेल्या चेंडूचा दुसरा टप्पा पडायच्या आत दुसऱ्याने तो मारायचा. बाजूच्या भिंती चालतात, छतसुद्धा चालते. फक्त समोरच्या भिंतीआधी चेंडू जमिनीला लागता कामा नये. आणि ज्याची सर्व्हिस असेल, गुण त्यालाच मिळतो. एवढे समजले की माझी गोष्ट तुम्हाला समजेल.

माझा जन्म दूर परदेशातल्या कारखान्यात झाला. कार्बनचे काळे धागे साच्यात दाबले, भट्टीत भाजले, भोके पाडून जाळी ओवली. मला यंत्राने केले आणि यंत्रानेच पेटीत भरले. माणसाचा पहिला हात लागला तो देवळाली कॅम्पातल्या एका मेजरसाहेबांचा. ते रोज खेळून झाल्यावर मला मऊ कापडाने पुसत, घोड्याला थोपटावे तसे थोपटत आणि म्हणत, "तू माझ्याबरोबर सगळीकडे येणार." मी ते खरे मानले. मग त्यांच्या बदलीचा हुकूम आला. ट्रंका भरल्या, कुत्रा गाडीत चढला, तुळशीची कुंडीसुद्धा चढली. मी कपाटावरच होते. निघताना त्यांना माझी आठवण झाली, तेव्हा गाडीत जागा उरली नव्हती. दारात धोंडीराम सर निरोप द्यायला उभे होते. साहेबांनी मला त्यांच्या हातात दिले आणि म्हणाले, तुमच्या पोरांना होईल.

धोंडीराम सर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. साहेबांच्या समोर खेळायला कुणी नसले की ते खेळत, त्यातूनच हा खेळ शिकले. निवृत्तीनंतर त्यांनी भगूर रस्त्यावरचे एक बंद पडलेले पॅकहाउस मागून घेतले. पूर्वी तिथे द्राक्षे निवडून, पेट्या भरून परदेशी पाठवत. मालकाने हायवेला नवे बांधले आणि जुने कुलूप लावून ठेवले. त्यातला थंड करायचा हॉल उंच, भिंती गुळगुळीत, खिडकी एकही नाही. सरांनी जमिनीवर लाल रंगाच्या रेघा मारल्या आणि कॅम्पातली, भगूरची, आसपासच्या मळ्यांतली पोरे गोळा केली. पॅकहाउसचा राखणदार भिकन पहिल्या दिवशी दारात बसून बघत होता. तो म्हणाला, "सर, भिंतीला मारून काय मिळतं? भिंत काय उत्तर देती का?"

सर धापा टाकत म्हणाले, "देते ना भिकनराव. म्हणून तर पळतोय."

मुलांकडे बाकीच्या ज्या रॅकेटी होत्या त्या हलक्या पत्र्याच्या, वाकलेल्या, जाळी सैल पडलेल्या. त्यांना सगळे 'चाळण्या' म्हणत. चांगली अशी मी एकटीच. माझे नाव पोरांनी 'मेजर' ठेवले. सकाळी आले की आधी विचारत, "मेजर कुणाकडंय?" मला हसू येई. बाईमाणसाला मेजर म्हणणारी ती पोरे.

पहिले काही दिवस माझ्यावरून रोज भांडणे झाली. एकाने दुसऱ्याच्या मनगटाचा चावादेखील घेतला. तेव्हा सरांनी एक रीत घालून दिली. दोघे खेळत असतील तर एका गेमला मेजर एकाकडे, दुसऱ्या गेमला दुसऱ्याकडे. आणि माझ्याशी खेळून जो जिंकेल, त्याने स्वतःच्या हाताने दोरी सोडून मला हरलेल्याच्या हातात द्यायचे. बाकावर ठेवायचे नाही, फेकायचे नाही, हातात द्यायचे. सर म्हणत, जिंकल्यावर देता आलं पाहिजे, बाकी खेळ कुणीही शिकतं. दुसरी शिकवण अशी, की आपला चेंडू आधी जमिनीला लागला तर पंचाची वाट बघायची नाही, आपणच हात वर करून सांगायचे.

मित्रांनो, खरे सांगते, त्या पॅकहाउसमधली वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे. एका दिवसात किती हात मला लागत. कुणाच्या हाताला कांद्याचा वास, कुणाच्या हाताला शेंगदाण्याच्या चटणीचा. मेजरसाहेबांकडे मी एकाची होते. इथे मी सगळ्यांची होते, आणि मला वाटू लागले की सगळ्यांचे असणे हेच जास्त पक्के. एक सोडून गेला तरी बाकीचे असतात.

त्या सगळ्या हातांत दोन हात मला नेमके ओळखू येत. एक पायलचा. तिचे वडील कॅम्प ते नाशिकरोड रिक्षा चालवत. हात लहान पण पकड घट्ट, फटका कोरडा. दुसरा वैष्णवीचा. तिची आई मालनबाई द्राक्षांच्या हंगामात नव्या पॅकहाउसला घड निवडायला जाई. वैष्णवीचा हात लांब आणि सैल, जसे काही तिला मला पकडायचेच नव्हते, नुसते बरोबर न्यायचे होते. दोघी एका वर्गात, एका बाकावर. पायल बोलायला पुढे, वैष्णवी हसायला. पायल म्हणे, "वैशे, तू अशी गाढवासारखी मागं उभी राहतेस, मग पुढं पडलेला काय तुझी आई मारणार?" वैष्णवी म्हणे, "आई मारंल पण. पण चेंडूला नाय, तुला." आणि पुढचा चेंडू ती खरोखर पुढे धावून उचलत असे.

यंदाच्या हिवाळ्यात राष्ट्रीय युवा स्पर्धा नाशिकलाच भरली. शहरात नवा हॉल झाला आहे, मागची भिंत काचेची, काचेपलीकडे बसायला पायऱ्या. हरियाणा, मध्य प्रदेश, तेलंगणा, कुठून कुठून मुले आली. आमच्या पॅकहाउसची पोरे सरांबरोबर एसटीने गेली. आधीच कळले होते की सोळा वर्षांखालच्या मुलींत जी पहिली येईल तिला भारताच्या संघाच्या शिबिरात घेणार. फक्त पहिलीला. दुसरीला पदक आणि टाळ्या.

सरांनी दोघींना विचारले, दुसऱ्या एखाद्या संघाकडून एक चांगली रॅकेट मागून आणू का? पायलनेच सांगितले, "नको सर. दुसऱ्याची रॅकेट हातात बसत नाही. आमचं ठरलंय, आम्ही आपल्या रीतीनं खेळणार." वैष्णवीने मान हलवली. मला इतका अभिमान वाटला की काय सांगू.

आणि त्या तशाच खेळल्या. पायलचा सामना झाला की ती घामेजल्या हातानेच मला वैष्णवीकडे देई. वैष्णवीचा झाला की ती मला पायलकडे आणून देई. दुहेरीत दोघी एकाच बाजूने होत्या. तिथे एका गेमला मी पायलकडे, दुसऱ्या गेमला वैष्णवीकडे, आणि दुहेरीचे विजेतेपद त्यांनी घेतलेसुद्धा. त्या संध्याकाळी दोघींनी मला मध्ये धरून फोटो काढला. एकीचा हात मुठीवर, एकीचा चौकटीवर.

दुसऱ्या दिवशी एकेरीचा अंतिम सामना होता, आणि समोरासमोर होत्या पायल आणि वैष्णवी. पॅकहाउसची पोरे तर नाचत होती. कुणीही जिंकले तरी आपलेच. या खेळात हरलेल्याने पुढच्या सामन्याला पंच व्हायचे असते, म्हणून उपांत्य फेरीत पायलकडून हरलेली भोपाळची अंजली पंचाच्या जागी होती. तिचे डोळे रडून सुजले होते, पण आवाज खणखणीत.

पायल वैष्णवीला म्हणाली, "पहिली गेम तू घे मेजर." वैष्णवीने दोरी मनगटात अडकवली. पायलने चाळण घेतली. मी वैष्णवीच्या हातात होते आणि त्या दिवशी तिचा हात पाण्यासारखा चालला. पंधरा-अकरा अशी पहिली गेम तिची झाली. ती दार उघडून बाहेर आली, घोटभर पाणीही न पिता दोरी सोडली आणि मला पायलच्या हातात दिले. "घे. नीट खेळ, नायतर लोक म्हणतील मी फुकट जिंकले," ती म्हणाली, आणि हसली.

दुसऱ्या गेमला मी पायलकडे. तीही जीव तोडून खेळली. भिंतीच्या कोपऱ्यात तिने असे काही चेंडू घातले की पायऱ्यांवरची हरियाणाची मुलेसुद्धा उभी राहिली. पंधरा-तेरा. बरोबरी झाली. आता तिसरी गेम अकरा गुणांची, तीच शेवटची.

दोघी बाहेर आल्या. वैष्णवीने टॉवेलने तोंड पुसले, चाळण काखेत धरली आणि हात पुढे केला. रोजचेच होते ते.

पायलने पाणी प्यायले. मग पुन्हा प्यायले. बाटलीचे झाकण लावायला तिला फार वेळ लागला. दोरी तिच्या मनगटातच होती. तिने एकदा काचेपलीकडे पाहिले. तिथे तिचे वडील हात जोडून बसले होते, आणि त्यांच्या शेजारी शिबिराची निवड करणारे गृहस्थ. अंजलीने वेळ संपल्याचे पुकारले. तेव्हा पायलने दोरीची गाठ ओढून आणखी आवळली, आणि मला घेऊन ती आत निघाली.

वैष्णवीचा हात तसाच पुढे होता. ती हळूच म्हणाली, "पायल, माझी बारी आहे."

पायल मागे न बघता म्हणाली, "आज नको गं. आज फायनल आहे."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण ज्यांना तोंड होते ते धोंडीराम सर तिथेच, दारापासून दोन हातांवर उभे होते. त्यांनी सगळे पाहिले, सगळे ऐकले. वैष्णवीने त्यांच्याकडे बघितले. सरांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला लागले. पुढे पोरांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, खेळाच्या नियमात तसं काही नाही, आणि दार लागल्यावर आत शिरता येत नाही. नियमात नव्हते हे खरे. पण दार उघडे होते. मी पायलच्या हातात, उंबऱ्यात होते. मला माहीत आहे.

वैष्णवी चाळण घेऊन आत आली. अंजलीने विचारले, "रेडी?" दोघींनी मान हलवली.

ती गेम मी कधी विसरणार नाही. चाळणीने खेळूनही वैष्णवी मागे हटली नाही. सैल जाळीतून चेंडूला जोर मिळत नव्हता, म्हणून ती उंच मारत होती, छताला लावून पार मागे टाकत होती, पायलला पळवत होती. पायल कधी पुढे जाई, कधी वैष्णवी गाठी. दहा-नऊ असा पायलचा गुण झाला आणि सर्व्हिस वैष्णवीकडे आली. चेंडू बराच वेळ फिरत राहिला. मग वैष्णवी पुढे धावली आणि तिने अगदी खालून, जमिनीलगत चेंडू भिंतीत घातला. पायल पोचलीच नाही. अंजलीने गुण दिला. दहा-दहा. पायऱ्यांवरून टाळ्या आल्या.

वैष्णवीने हात वर केला. "खाली लागला," ती म्हणाली. "आधी जमिनीला लागला."

अंजलीने विचारले, "पक्का?" तिने तर पाहिलेच नव्हते. पायलनेही पाहिले नव्हते. तिच्यासमोर वैष्णवीची पाठ होती. वैष्णवी म्हणाली, "हो. लागला." गुण परत गेला, सर्व्हिस पायलला मिळाली. पुढच्याच चेंडूला पायलने मला पूर्ण ताकदीने फिरवले, आणि अकरा-नऊ असा तो सामना संपला.

निकाल मोठ्या आवाजात वाचले गेले. मुलांच्या गटात हरियाणाचा एक उंच मुलगा विजेता, चौदाखालच्या मुलींत हैदराबादची एक डावखुरी, सोळाखालच्या मुलींत यजमान नाशिकची पायल. दुसरी, नाशिकचीच वैष्णवी. नाशिकच्या दोन मुली, म्हणून टाळ्या दुप्पट झाल्या. पायलने फोटोसाठी मला ओठांना लावले. माझ्या मुठीवर तेव्हा वैष्णवीचाही घाम होता. एका बातमीदाराने रॅकेटबद्दल विचारले. पायल म्हणाली, "ही माझी लकी रॅकेट. पहिल्यापासून माझ्याकडंच आहे."

वैष्णवी शेजारच्या पायरीवर रुपेरी पदक घालून उभी होती. बातमीदाराने तिच्याकडे बघितले, तर ती म्हणाली, "हो ना, तिच्याकडंच असती."

मेजरसाहेबांनी मला सोडले तेव्हा मला वाटले होते, विसरले असतील. या वेळी तसे म्हणायला जागा नव्हती. मला आठवणीने, सर्वांसमोर, पळवले होते.

पायलच्या घरी मला काचेच्या शोकेसमध्ये ठेवले. शेजारी चषक, बाहुली आणि स्टीलचा डिनर सेट. तिच्या आईने मला हळदकुंकू वाहिले. आलेले पाहुणे काचेतून बघत आणि म्हणत, हीच का ती? माझा इतका मान कधी झाला नव्हता, आणि माझ्या जाळीला इतके गप्प कधी बसावे लागले नव्हते. पायलला शिबिराआधी कुणीतरी नवी कोरी रॅकेट भेट दिली. पायल तीच घेऊन शिबिराला गेली.

पॅकहाउसमध्ये काय चालले आहे ते मला भिकनच्या तोंडून कळले. एकदा तो पेढे घ्यायला आला होता. पायलच्या वडिलांना तो सांगत होता, पोरे मेजर कुठंय विचारत होती, तर सर म्हणाले, तिनं नाव काढलं, राहू दे तिच्याकडं. त्यानंतर ज्याच्याकडे चांगला चेंडू होता तो त्याने दप्तरात लपवायला सुरुवात केली. चेंडू डोळ्याला लागू नये म्हणून घालायचे चष्मे सगळ्यांचे होते, तेही घरी जायला लागले. कुणी काही मागितले की उत्तर ठरलेले, आज नको, आज फायनल आहे. पोरे हे बोलून हसतात, भिकन म्हणाला. मग पेढा तोंडात टाकून म्हणाला, "मला मात्र हसू येत नाय." वैष्णवी येत नाही, हेही त्यानेच सांगितले. ती आईबरोबर द्राक्षे निवडायला जाते.

गुढीपाडव्याला पायल शिबिरातून घरी आली. तिने शोकेस उघडली, मला पिशवीत घातले आणि चालत वैष्णवीच्या घरी गेली. मालनबाई गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या. त्यांनी "ये गं पोरी" म्हटले, पण उठल्या नाहीत. वैष्णवी शेजारी बसून चीक हलवत होती. पायलने शिबिरातल्या गमती सांगितल्या. तिथले जेवण, तिथली थंडी. कुणी काही विचारले नाही, म्हणून तीच थांबली. मग तिने मला पिशवीतून काढून पुढे केले.

"ही घे. मला आता नवी मिळाली. तू परत खेळ ना, वैशे. पुढच्या वर्षी तू जिंकशील."

वैष्णवीने हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले. मला घेतले. बोटाने जाळी दाबून पाहिली. दोरी मनगटात अडकवली, आणि क्षणभर तिचा तो लांब सैल हात मला पुन्हा मिळाला. वाटले, झाले, आता सगळे नीट होईल. मग तिने दोरी सोडली आणि मला दोघींच्या मध्ये गच्चीवर ठेवले.

"मला रॅकेट नको होती गं," ती म्हणाली. "त्या दिवशी माझी बारी होती, ती हवी होती. हरले असते तर हरले असते. पण मग तू माझ्या घरी अशी पिशवी घेऊन आली नसतीस. नुसती आली असतीस."

पायल रडायला लागली. मालनबाई म्हणाल्या, "चहा टाकते," आणि खाली गेल्या. चहा आला, पायलने प्यायला, आणि ती गेली. मला तिने नेले नाही. वैष्णवीनेही उचलले नाही.

आता मी या गच्चीवरच असते. मालनबाई मला कावळे हाकलायला वापरतात. त्यांचा हात काटक आहे, आणि खोटे कशाला सांगू, कावळ्यांच्या बाबतीत त्या पायलइतक्याच अचूक आहेत. उन्हाने माझी पकड सुटत चालली आहे, चौकटीला चीक लागून सुकला आहे. त्याचे मला दुःख नाही. वस्तू झिजायचीच.

पण मित्रांनो, तुमच्या शाळेत, तुमच्या मैदानावर माझ्यासारखी सगळ्यांची अशी एखादी वस्तू असेल. तिला पुसा, ऊन लागू देऊ नका, जाळी वेळच्या वेळी ओढून घ्या. आणि याहून मोठी काळजी म्हणजे, कुणाचा हात पुढे आला असेल तर त्याच वेळी ती त्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी नको, पाडव्याला नको, नवी मिळाल्यावर तर मुळीच नको. त्या वेळी तुम्ही उंबऱ्यात मोठे म्हणून उभे असाल, तर चष्मा नंतर पुसा.

मालनबाई खाली गेल्या की गच्चीवर मी आणि वैष्णवी दोघीच उरतो. कावळा कठड्यावर येऊन बसतो, मान तिरकी करतो, कुरडयांकडे बघतो. मी तिच्या हाताशीच पडलेली असते. ती माझ्याकडे बघत नाही. टाळी वाजवते आणि त्याला हाकलते.